शेवाळाचं निमित्त

समुद्रावर ट्रॉलरवाल्यांच्या जाळ्यात नको ते जीव येतात, ते परत पाण्यात फेकले जातात आणि फेकलेल्यांपैकी किती जगतात याचा अभ्यास करणारी शिकलेली माणसं आहेत, असं मी एकदा मोबाइलवर वाचलं होतं. इंदापूर तालुक्यात समुद्र नाही. उजनी धरणाचा फुगवटा आहे, आणि त्या फुगवट्यात सकर नावाचा मासा आहे, जो कुणालाच नको आहे. काळपट, ठिपक्यांचा, अंगावर खवल्यांऐवजी चिलखत, परांना काटे, तोंड खालच्या बाजूला. तो जाळी फाडतो, दुसऱ्या माशांची अंडी खातो आणि बाजारात त्याच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही. म्हणून आमच्याकडं तो परत पाण्यात फेकत नाहीत, जमिनीवर फेकतात. जगण्याचा प्रश्न तिथंच मिटायला हवा. तो मिटत नाही, हीच त्या माशाबद्दल सगळ्यांची मुख्य तक्रार आहे.

माझे सासरे, ज्यांना सगळं गाव तात्या म्हणतं आणि मीही, ते माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, अंडंसुद्धा वर्ज्य. तरी महिन्या-दीड महिन्यातून एकदा ते मोटारसायकल काढून आमच्या निरवांगीहून थेट फुगवट्याच्या काठी जायचे आणि जाळ्यातून मासे उतरताना बघत बसायचे. साखर कारखान्यातला त्यांचा जुना सोबती रिटायर झाल्यावर तिथं मासेमारी करतो. खायचं नाही, घ्यायचं नाही, मग जाता कशाला, असं सासूबाईंनी विचारलं की तात्या म्हणायचे, "हवा चांगली हाय तितं." मासळीच्या काठावर हवा कशी असते ते मला ठाऊक आहे. मी वडगाव निंबाळकरच्या बौद्ध घरातली. आमच्याकडं रविवारी मासा, नाहीतर सुकट तरी असायचीच. ती हवा चांगली आहे असं मासे खाणारं माणूससुद्धा म्हणणार नाही.

एका दुपारी तात्या परतले ते मागच्या सीटला ओलं पोतं बांधून. ओट्यावर पोतं सोडलं, तर आत पाच-सहा सकर. सकाळी जाळ्यातून निघालेले, काठावर उन्हात टाकलेले, मग पोत्यात बसून अर्धा तालुका ओलांडून आलेले. सगळे जिवंत. एक तर फरशीवर सरपटायलाच लागला. सासूबाईंनी पाय वर घेतले.

"खायचं न्हाय, इकायचं न्हाय. मग आनलं कशाला?" त्या म्हणाल्या.

प्रश्न रास्त होता. आमच्या घरात जे काही येतं किंवा राहतं, त्याला काहीतरी काम असावं लागतं. नुसतं आवडलं म्हणून, किंवा कीव आली म्हणून काही ठेवलं असं इथं कुणी बोलून दाखवत नाही. आमचं कुत्रं आंधळं आहे आणि बहिरंही. ते राखणीला आहे.

तात्यांनी एकदा पोत्याकडं बघितलं, एकदा शेततळ्याच्या दिशेनं. "शेवाळ खातंय," ते म्हणाले. "तळ्यात सोडू. ड्रिपचा फिल्टर तुंबायचा न्हाय."

मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, कारण घरात बी.एस्सी. ॲग्री मी. मी म्हटलं, खातो शेवाळ. ते खरंच होतं. पाण्याबाहेर तो इतका वेळ टिकतो, कारण हवा पोटात गिळून त्यावर तग धरतो, हेही मी सांगितलं.

"म्हंजी मरायची सोयच न्हाय बिचाऱ्याला," तात्या म्हणाले. 'बिचाऱ्याला' हा शब्द तोंडातून निसटलेला त्यांच्या लक्षात आला असावा. त्यांनी लगेच जोडलं, "पर शेवाळ लई खातंय म्हनं."

तळ्याचं आणि माझं नातं इथं सांगायला हवं. मी आणि नवरा बारामतीला एका कॉलेजात होतो. लग्न रजिस्टर पद्धतीनं केलं, आणि ते दोन्ही घरांना सारखंच नकोसं झालं. एवढ्या एका बाबतीत दोन्ही घरांचं जमलं. आम्ही बारामतीत भाड्याच्या खोलीत राहायचो. नवरा एमआयडीसीत शिफ्ट करायचा, मी एका खतांच्या दुकानात सल्ला द्यायचे. वर्षभर निरवांगीहून कुणी आलं नाही. मग एक दिवस तात्या दारात. पाणी प्याले, चहा प्याले, इकडं तिकडं बघितलं आणि म्हणाले, "डाळिंब लावायचं म्हनतोय. बघायला कुनी न्हाय."

एवढंच. 'घरी चला' नाही, 'झालं गेलं विसरा' नाही. नवऱ्याला वाटलं, आपल्याला माफी मिळाली. मी सामान बांधलं. माझ्या आईला फोन केला, तर ती म्हणाली, "सून न्यायला आलते का गडी न्यायला?" मला तिचा राग आला, कारण उत्तर माहीत नव्हतं.

तेव्हापासून बाग माझ्याकडं आहे. कळी किती ठेवायची, ताण कधी द्यायचा, तेल्या रोगावर काय फवारायचं, सगळं मी बघते. नवरा अजून शिफ्ट करतो आणि सुट्टीच्या दिवशी येऊन बागेचं कौतुक करतो. पाहुणा आला की तात्या माझी ओळख करून देतात, "ही डाळिंब बघती." सून म्हणून नाही. इतक्या वर्षांत एकदाही नाही. मी चहा ठेवता ठेवता मनात म्हणायचे, उद्या डाळिंब गेलं तर मी काय बघू?

शेततळं माझ्याच हट्टापायी खोदलं. आमची जमीन कॅनॉलच्या शेपटाला, आवर्तन कधी येईल त्याचा भरवसा नाही. पाणी साठवायला जागा नसेल तर डाळिंब लावू नका, असं मी ठासून सांगितलं. चांगल्या ज्वारीच्या रानात खड्डा पाडला, प्लास्टिकचा कागद अंथरला. शेजारच्या बांधाला माझे चुलत सासरे. त्यांना सगळे आबा म्हणतात. त्यांनी आमचं लग्न कधी मानलं नाही, आणि मी आल्यापासून आमच्या घरचं पाणी पीत नाहीत. पण तळ्यातलं पाणी किती उरलंय हे रोज येऊन बघून जातात.

"पोरीच्या नादानं रान घातलं पान्यात," ते भरावावर उभं राहून म्हणायचे. मला ऐकू जाईल एवढ्या बेतानं.

तर सकर तळ्यात गेले आणि त्यांनी खरोखर काम केलं. कागदावरची हिरवी बुळबुळ जाऊन काळा कागद दिसायला लागला. आधी मी रोज फिल्टर धुवायचे, उन्हाळ्यात दोनदा. आता मधे चार-चार दिवस जायचे. मोरचूद टाकायचं बंद झालं, कारण मोरचुदानं शेवाळ मरतं तसा मासाही मरतो. तात्यांना तर पुढच्या खेपेला आणखी पोतं आणायचं निमित्तच मिळालं. दर खेपेला दोन-तीन यायचे. "शेवाळ वाढलंय जरा," असं ते जायच्या आधीच सांगून ठेवायचे. मी तळ्यावर जाऊन बघायचे, तर शेवाळ मुळीच वाढलेलं नसायचं.

संध्याकाळी ते काठावर बसायचे. मासे तळाला, दिसायचे क्वचितच. तात्या तरी बसायचे. मी एकदा विचारलं, काय बघताय? म्हणाले, "काम करत्यात का बघतोय."

मासे वाढले. हात-हात लांब झाले. आणि यंदा एप्रिलमध्ये तळ्याचं पाणी उतरायला लागलं.

उन्हानं पाणी आटतं ते मला कळतं. हे तसं नव्हतं. पंप बंद असलेल्या दिवशीही कागदावर ओली रेघ खाली सरकलेली दिसायची. बागेत फळं लिंबाएवढी झाली होती. यावेळी पाण्यात खंड पडला की फळ पुढं तडकतं, आणि तडकलेलं डाळिंब व्यापारी हातातही धरत नाही. आवर्तन लांबलं होतं. असंच पाणी जात राहिलं तर मेच्या मध्यावर तळं कोरडं पडणार आणि बाग गेली, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी खरंच घाबरले. जेवण जाईना. बाग गेली तर घरातून कुणी हाकलणार नव्हतं, एवढी ही माणसं वाईट नाहीत. पण मी मग इथं कोण, हा प्रश्न उरणार होता, आणि तो प्रश्न मला हाकलण्यापेक्षा अवघड वाटत होता.

आबांनी भरावावर उभं राहून निकाल दिला. "काट्याचं मासं हायती. फाडला असंल कागद. जाळं फाडत्यात ती कागदाला सोडत्यात व्हय? मोरचूद टाका. शेवाळ बी मरंल, मासं बी."

तात्या माझ्याकडं बघत होते. बाग माझी, तळं माझ्या हट्टाचं, म्हणून निकालही माझा. आणि मला आबांचं म्हणणं पटत होतं, हे जास्त वाईट होतं. काटे मी बघितले होते. मी म्हटलं, मोरचूद नको, मेलेले मासे तळाला कुजतील आणि ड्रिप कायमचं तुंबेल. जाळं टाकून बाहेर काढू. कारण मी ड्रिपचं दिलं. तुम्ही म्हणाल, मीही त्याच घरातली झाले होते.

तात्यांनी फोन केला, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा सोबती जाळं घेऊन आला. तळ्यात उतरला आणि ओढायला लागला. त्याच्या हाताला सवयच अशी, की सकर जाळ्यातून सुटला की हात आपोआप जमिनीकडं जायचा. एकेक मासा धप्पकन भरावावर येऊन पडायला लागला. तात्या पोती भिजवून त्यांच्यावर टाकत होते.

"आता ह्यांचं काय?" त्यांनी मला विचारलं. "नदीत सोडू. नीरा काय लांब न्हाय."

"नदीत नाही," मी म्हटलं. "नदीत गेले तर नदीतले मासे संपवतील. तुमच्या सोबत्याला विचारा, फुगवट्याचं काय केलंय यांनी."

सोबत्यानं कमरेएवढ्या पाण्यातून मान हलवली. "खरं हाय तिचं. आमी जिमिनीवर फेकतो ते उगा फेकत न्हाय, तात्या."

मग तात्या पोत्यांशेजारी बसले. ऊन चढलं. मासे मरत नव्हते. पोत्याखाली नुसती हालचाल चालली होती. मधूनच एखादा तोंड उघडायचा, हवा गिळायचा. मरायची वाट बघत बसणं हे काम कुणाला जमत असेल तर असो. मला जमत नव्हतं. आबा मात्र बांधावरच्या कडुलिंबाखाली निवांत बसून बघत होते. मला त्यांचा संताप आला, आणि माझाही. तात्यांच्या गळ्यात माळ, मी लहानपणापासून हात जोडून पंचशील म्हणत आलेली, आणि आम्ही दोघं मिळून भर उन्हात हे करत होतो.

दुपार कलली तेव्हा मोटारीच्या कोपऱ्यात जाळं अडकलं. सोबत्यानं पाण्यात हात घालून चाचपलं, आणि तो तसाच थांबला.

"हितं या जरा," तो म्हणाला.

मी साडी खोचून उतरले. पंपाच्या पाइपला धरून ठेवायला लोखंडी पट्टी बसवलेली असते. मोटार चालू झाली की पाइप थरथरतो, आणि ती पट्टी कागदावर घासत राहते. घासून घासून तिथं कागद फाटला होता. माझी चार बोटं आत गेली. आत ओली माती लागली आणि पाणी बोटांवरून आत सरकताना कळत होतं. बाकी कागदावर मी पायानं चाचपत हिंडले. सगळीकडं गुळगुळीत. माशांनी एक ओरखडासुद्धा काढला नव्हता.

मी तिथंच उभी राहून मोठ्यानं हसले. गळती सापडली एकदाची. मोटार लावली, पाणी बागेला सोडलं. दिवस मावळायच्या आत पाणी फाटलेल्या जागेच्या खाली येणार होतं. कागद जोडणाऱ्याला फोन लावला, तो उद्या सकाळी मशिन घेऊन येतो म्हणाला. खाली उरलेलं पाणी मोजूनमापून दिलं तर आवर्तनापर्यंत पुरणार होतं. बाग वाचली होती. मी ते तिथूनच ओरडून सांगितलं. सासूबाई घरातून पळत आल्या. आबा लिंबाखालून उठून आले आणि फाटलेली जागा त्यांनी स्वतः वाकून बघितली, कारण माझ्या शब्दावर ते विश्वास ठेवत नाहीत.

"पट्टी घासली," ते म्हणाले, जसं काही त्यांचंच म्हणणं खरं ठरलं होतं. मग पोत्यांकडं बोट दाखवून म्हणाले, "पर आता काढल्यात तर जाऊ द्या. पुरून टाका. परत कशाला ठिवायचं हे खरकटं?"

तात्या उठले. गुडघे धरून, हळूहळू. त्यांनी एक पोतं बाजूला केलं. दोन मासे मेले होते, बाकीचे जिवंत होते.

"शेवाळ खात्यात," ते म्हणाले.

का कोण जाणे, त्या शब्दांनी माझं डोकं सणकलं. दिवसभर उन्हात पोती भिजवत बसलेला माणूस, डोळे लाल झालेले, आणि अजून शेवाळच. मी आबांसमोर, सोबत्यासमोर, सासूबाईंसमोर बोलले. "तात्या, शेवाळाचं नाव कशाला घेताय? दया आली म्हणा की सरळ. एकदा तरी म्हणा. तुमची जीभ झडणार नाही."

सासऱ्यांशी असं बोलत नाहीत, हे मला बोलून झाल्यावर आठवलं. तात्यांना राग आलेला दिसला नाही. त्यांनी एक सकर दोन्ही हातांनी उचलला, काटे टाळून, आणि त्याच्याकडंच बघत म्हणाले,

"दया आली म्हनून आनलं, की आनल्यालं जल्मभर खाली मान घालून ऱ्हातं, पोरी. ज्याला त्याला वाटतं, आमी ठिवलंय म्हनून हाय. कामाचं हाय म्हनून आनलं, की ते कुनाच्या बापाला भीत न्हाय." मग आबांकडं न बघता, पण आबांना ऐकू जाईल एवढ्या बेतानं, ते म्हणाले, "समद्यांच्या तोंडावर हात ठिवायचा असतो. दयेनं न्हाय ठिवता येत."

ते काठाशी गेले आणि मासा पाण्यात सोडला. तो क्षणभर तसाच पडून राहिला, मग तळाला गेला.

मीही एक उचलला होता. बारामतीच्या खोलीत चहा पिऊन इकडं तिकडं बघणारे तात्या मला दिसले. तेव्हा ते कारण शोधत होते. मला घरी न्यायला आलेला तो माणूस, आबांना आणि गावाला सांगता येईल असं कारण त्या खोलीत शोधत होता. आणि मी इतकी वर्षं त्या कारणावर रागावून होते. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, थांबेना. मासा कसाबसा पाण्यात सोडला.

"काय गं, काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"काटा लागला," मी म्हटलं.

आबा तोवर आपल्या बांधाकडं निघाले होते. तात्या आणि त्यांचा सोबती उरलेले मासे पाण्यात सोडत होते. सासूबाई घरात गेल्या, वाटीत हळद घेऊन आल्या आणि माझा हात हातात धरून उजेडाकडं वळवला. तळवा बघितला, मग मागची बाजू बघितली, बोटं एकेक करून बघितली. कुठं काही नव्हतं. त्यांनी तळव्याच्या मधोमध चिमूटभर हळद दाबली, पदरानं वरून धरून ठेवली, आणि मी धरू दिली.